आठ दिवसांची धार

तुमच्या-आमच्या नात्यात अशी एक काकू असतेच. लोणच्याची कृती विचारली की हसतमुखाने सगळी सांगते, फक्त मोहरी किती घालायची ते गिळून टाकते. आपलं लोणचं बुरसतं, तिचं नाव गावभर होतं. हसू नका, मंडळी! कचेरीतला जुना कारकून नव्या माणसाला काम दाखवतो पण खुबी सांगत नाही, तोही तिचाच भाऊ. आणि मूल नावाच्या गावचे नूर मोहम्मद खरादी तर या दोघांचे उस्ताद शोभले असते.

भाताच्या गिरण्यांमागे त्यांचं टिनाचं दुकान. मोटारीवर खराद, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, फिरायचा, त्यावर लाकूड गरगरायचं, आणि नूरचाचांनी पटाशी टेकवली की सालपटाची लांबच लांब रिबीन निघायची. लाटणी, बाजेचे खूर, पाळण्याचे खांब. त्यांचं एक लाटणं बाजारात हातातून निसटलं, ते असं सरळ घरंगळत गेलं की रेल्वे फाटक पाडून थांबवावं लागलं. त्यांचा भोवरा जुम्म्याच्या नमाजाआधी सोडला तर नमाज आटोपून, दोन कप चहा पिऊन लोक परत येईपर्यंत फिरत असे. पाहणारे आता कोणी हयात नाहीत, हा भाग वेगळा.

पुढचं मात्र खरं आहे. चाळीस वर्षांत चाचांनी अकरा जणांना खराद शिकवला. लाकूड कसं निवडायचं, कसं बांधायचं, लाखेचा रंग कसा चढवायचा, सगळं दिलं. पण पटाशीला धार लावायची वेळ आली की चाचा आतल्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. वडील सांगून गेले होते, "बेटा, हुनर दे देना, धार मत देना." म्हणजे शागीर्द कितीही मोठा झाला, तरी दर पंधरा दिवसांनी बोथट हत्यार घेऊन उस्तादाच्या दारात आलाच पाहिजे.

आणि यायचेही. मग एकेक जण घुग्घुसच्या खाणीत लागला, कोणी ट्रकवर गेला. खराद सुटला, पटाशी गंजली. गंजल्या पटाशीला धार कशाला? सुलताना चाची वारल्या. मुलगा जिशान घुग्घुसलाच, ईदला येई आणि संध्याकाळच्या गाडीने परते. मोटार बंद केली की दुकानात जी शांतता पडे ती चाचांना सोसवत नसे. मग ते लाकूड न लावताच खराद नुसता फिरता ठेवत.

राहिली एक संघप्रिया. गोंडपिपरीची. मावशीकडे राहून दोन वर्षं शिकली आणि २००२ साली गावी जाऊन तिने स्वतःचा खराद मांडला. पंधरा दिवसांनी एसटीने यायची, पटाशी पुढे करायची आणि विचारायची, "चाचा, जेवले का जी तुमी?" हा प्रश्न आता जगात दुसरं कोणीच विचारत नव्हतं.

पंधरा दिवस फार लांब असतात हो! चाचांनी एक दिवस दार लोटून पातळ धार लावली. दिसायला चकाकती, पण लवकर मुडपणारी. संघप्रिया आठव्या दिवशी दारात! चाचा पोरासारखे खूश झाले. पुढल्या वेळी पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढल्या वेळीही.

एका सोमवारी संघप्रियाऐवजी तिची आई आली. अंजनाबाई. शेतमजुरी करणारी, मोजकं बोलणारी बाई. तिने पटाशी जमिनीवर ठेवली.

"पोरगी कुठी हाये?" चाचांनी विचारलं.

"दवाखान्यात. बोथट पटाशीले जोर लावत होती. लाकडात अडकली आन् उसळली. डोळ्याखाली सात टाके पडले. डोळा वाचला, जवाएवढ्या अंतरानं."

चाचा पटाशीकडे बघत म्हणाले, "हात कच्चा असन तिचा..."

"हात तुमीच पक्का केला न, नूरभाऊ? तिले धार लावाले काऊन नाई शिकवलं?"

"आमच्या घराण्याचा दस्तूर हाये, बाई. धार घरातच राह्यते."

अंजनाबाई हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "हा दस्तूर मले माहीत हाये जी. माह्या आज्यानं शाळेच्या खिडकीबाह्यर उभं राहून अक्षरं आयकली. आमच्या जातीले आत येऊ नाई देत शाळावाले. तेही असंच म्हणत, विद्या घरातच राह्यते. मले वाटलं, ते लोक येगळे, तुमी येगळे."

किती साधे शब्द! पण चाचांना वाटलं, खरादावरचं लाकूड आपणच आहोत.

"बाई," ते म्हणाले, "दस्तूर जाऊ दे. धार मी जानबूझके कच्ची लावली. पोरगी लवकर यावी म्हणून. घरात बोलाले कोणी नाई."

अंजनाबाईने पटाशी उचलली.

"माणूस पाह्यजे होतं तर 'ये' म्हणाचं होतं, भाऊ. दोन अक्षरंही नाईत. माह्या पोरीचा डोळा काऊन लावला डावावर?"

ती गेली. तिसऱ्या दिवशी चाचा सहाणेचा दगड पिशवीत घालून गोंडपिपरीला उतरले. पट्टी बांधलेल्या संघप्रियाला आधी स्वतःची चूक सांगितली. मग अंगणात, सगळ्यांदेखत दगडावर पाणी शिंपडलं. "पटाशी एवढीच तिरपी. उचलाची नाई, वाकवाची नाई. मग नखावर टेकव. घसरली तर कच्ची, अडली तर पक्की."

चाळीस वर्षं दाराआड लपवलेली विद्या पोरीला चहाला उकळी येईपर्यंत आली! चाचांना हसावं की रडावं कळेना.

आता पंधरा दिवस गेले, महिना गेला. धार पक्की होती, कोण कशाला येईल? चाचांनी खराद बंद केला आणि पहिल्यांदाच ती शांतता बसून ऐकली. मग एक पोस्टकार्ड घेतलं. खूप लिहायचं होतं. लिहिलं एवढंच, "बेटा, काम काही नाही. ये."

आठवडाभराने एसटीतून संघप्रिया उतरली. डोळ्याखाली व्रण, हात रिकामे. सोबत गावातल्या दोन मुली.

"ह्यांले शिकवा," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवशी धार. मी बसून पाह्यतो."

चाचांनी आतल्या खोलीतून सहाण आणून उंबऱ्यात ठेवली.

तर नागरिकहो, विद्या अडवून माणूस दारात उभा करता येतो, आपला करता येत नाही. शिकवायचं तर पुरतं शिकवा. आणि एकटं वाटलं, तर कोणाचं हत्यार बोथट करू नका. नुसतं बोलवा.