पाय उचललेला कोंबडा

मी एक जुना कोंबडा आहे, मित्रांनो. मला आरवता येत नाही, कारण माझ्या गळ्यात तार आहे आणि पोटात पेंढा. तुरा मात्र अजून ताठ आहे. हे मलाच सांगावे लागते, कारण कौतुक करणारा आता राहिला नाही.

तो माणूस म्हणजे जुन्नरचे पांडुरंग नाना. बाजारपेठेत त्यांची एका खणाची खोली होती. कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी ते मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांना पुन्हा उभे करत. पण नाना त्या खोलीत सापडले तर शपथ. गिऱ्हाईक दारात ताटकळत बसे आणि हे डोंगरात कुठल्याशा कपारीखाली घुबड मान किती वळवते ते पाहत असत. त्यांची बायको, नानी, म्हणे, "ह्यांना घरात बसवायचं तर ह्यांच्यातच पेंढा भरावा लागेल."

मी त्यांच्याच घरचा कोंबडा. मला कापायचा धीर कोणाला झाला नाही, म्हणून म्हातारा होऊन मेलो. नानांनी माझे कातडे मिठात ठेवले आणि सात वर्षे मला रोज पाहूनही दोन दिवस शेजारच्या अंगणात कोंबडे पाहत बसले. मग मला असे उभे केले की एक पाय उचललेला, मान पुढे, जणू उंबरा ओलांडून निघालोच आहे. "थांबलेला पक्षी कोणीही करील," ते म्हणाले. "निघालेला करता आला पाहिजे." या उचललेल्या पायावर मी चाळीस वर्षे उभा आहे.

पावसाळा सरला की घरात डाळी, गोधड्या, पैठणी यांना ऊन दाखवायचे. नाना मलाही त्या रांगेत ठेवत. पेंढ्याला दमट हवा सोसत नाही. वर्षातून दोनदा कोवळे ऊन मिळाले की मी ठणठणीत.

नानी गेल्यावर मुलगा गुरुप्रसाद नानांना सिंगापूरला घेऊन आला. तो जहाजावर इंजिनिअर आहे. माझे परवाने काढायला त्याला चार महिने धावपळ करावी लागली, पण नाना माझ्याशिवाय विमानात बसायला तयार नव्हते. अशा रीतीने आम्ही दोघे तिथल्या आंग मो किओ भागात, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो.

इथे खालच्या हिरवळीवर रानकोंबडे मोकळे फिरतात. पहिल्याच पहाटे त्यांची बांग ऐकून नाना लहान मुलासारखे हसले. रोज लिफ्टने खाली जाऊ लागले. एके दिवशी एका कोंबड्याच्या मागे मागे ते इतके दूर गेले की दुपारी एका ओहोळाकाठी सापडले, चिखलात मांडी घालून बसलेले. फोन घरीच होता. सून विद्या रडून अर्धी झाली होती. नात ईशा इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी सो वरीड लाह."

जहाजावरून गुरुप्रसादचा फोन आला. "विद्या, तू ऑफिसला जाताना दाराबाहेरच्या गजांच्या गेटला कुलूप लाव. नाना घरात सुरक्षित आहेत." त्याच्या बोलण्यात प्रेमच होते, हे मी पोटातल्या पेंढ्याची शपथ घेऊन सांगतो.

त्याच महिन्यात माझ्या मानेवर पांढरी बुरशी दिसली. इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक घरात संकटकाळासाठी जाड भिंतींची, लोखंडी दाराची, बिनखिडकीची एक खोली असते. त्यात लोक बॅगा आणि तांदूळ ठेवतात. विद्याने मला तिथे ठेवले, घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून. ज्याला ऊन हवे त्याला अंधारात ठेवले. काळजी करणारी माणसेच अशी चूक करतात.

नाना दुपारी ते जड दार उघडून माझ्याजवळ स्टुलावर बसत. माझ्या मानेवरून कोरडा ब्रश फिरवत. सुरुवातीला डोंगरातल्या गोष्टी सांगत. पुढे पुढे नुसते बसत. त्यांचे डोळे हळूहळू माझ्यासारखे झाले, काचेचे.

एका रविवारी माझ्या खोलीचे दार उघडेच होते आणि विद्याने तूरडाळीला ऊन दाखवायला परात गेटबाहेर, कॉरिडॉरमध्ये ठेवली. नाना आतून गज धरून पाहत होते.

"विद्या, डाळीला नेलंस तसं आम्हा दोघांनाही एकदा खाली ने."

"शनिवारी नक्की, नाना."

त्या शनिवारी तिला ऑफिस निघाले. पुढच्या शनिवारी ईशाची परीक्षा होती. नंतर पाऊस. विद्या वाईट नाही हो, तिला एकटीला किती हात असणार? नाना दर शुक्रवारी बूट पुसून ठेवत आणि दर रविवारी परत कपाटात ठेवत. पुढे त्यांनी बूट काढायचेच सोडून दिले.

एका गुरुवारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मी अंधारातून माणसांची ये-जा ऐकत होतो. त्या दिवशी गेटचे कुलूप दिवसभर उघडे होते.

तेरावा झाल्यावर गुरुप्रसादने बॅग काढायला दार उघडले. मला पाहून म्हणाला, "ह्याला पार बुरशी लागली आहे. टाकून देऊ या का?"

"नको," विद्या म्हणाली. "मी नानांना शनिवार कबूल केला होता."

तिने मला उचलून खाली नेले आणि हिरवळीवर, कोवळ्या उन्हात ठेवले. शेजारी नानांचे बूट ठेवले. मग ती गवतातच बसली आणि खूप रडली. एक रानकोंबडा जवळ आला, मला न्याहाळून गेला. मला ऊब लागत होती आणि लाज वाटत होती.

मित्रांनो, वस्तू जपा, त्यांना ऊन दाखवा, हे सांगायचे माझे वय आहे आणि ते मी सांगतोच. पण मला ऊन वर्षभर उशिरा मिळाले तरी चालते. माझ्यात पेंढा आहे. नानांमध्ये नव्हता.