कांडोळीचा बांध

“काका, पाठ द्यायला कुणी लागणारच नाही. गोण्या आहेत ना आपल्याकडे,” असं म्हणून अक्षयाने काठावरच्या थप्पीकडे बोट दाखवलं. सरकारच्या जलसंधारण खात्याची ही तरुण इंजिनियर बोलायला मऊ होती, पण आपल्या म्हणण्यावरून हलणारी नव्हती.

शंकरदादांनी थप्पीकडे पाहिलं. मातीने भरलेल्या, तोंडं शिवलेल्या पांढऱ्या गोण्या. त्या भरायला गेला आठवडाभर निम्मं चंदनसार नदीवर लोटलं होतं. गावातले होते, चाळीतले होते, टॉवरमधले हातमोजे घालून आलेलेही होते.

“गोन्या मना पन दिसतात,” दादा म्हणाले. “पन शेवटचा तोंड बंद करताना मानूस लागतो.”

“लागायचा, काका. आता आधी फळ्या टाकून धार अडवायची, मग गोण्या. चुटकीसरशी होतं. आणि साठीच्या वरच्या माणसाला पाण्यात उतरवायचं नाही, असा आम्हाला नियमच आहे.”

“मॅडम बरोबर बोलतायत, बाबा,” हरेश्वर मध्येच म्हणाला. दादांचा हा एकुलता एक मुलगा अंधेरीला विमा कंपनीत होता आणि आजच्या बांधाच्या कार्यक्रमासाठी रजा काढून आला होता. रजा नदीसाठी नव्हती, बापावर नजर ठेवायला होती. “छाती उघडून ऑपरेशन झालंय तुझं. पाण्यात पाय नाय टाकायचा. तो बघ, तुझ्यासाठी मंडप घातलाय. शाल देणार आहेत तुला. गप खुर्चीत बस.”

दादा गप खुर्चीत जाऊन बसले. शाली त्यांच्या घरात ढिगाने होत्या. त्यांना हवं होतं ते एवढंच, की जायच्या आधी एकदा कांडोळी पाठीवर घ्यावी. पण हे मागायचं तरी कुणाकडे? अशा मागणीचा अर्ज सरकारदरबारी नसतो आणि घरात बोललं तर म्हातारा चळला म्हणतात.

कांडोळी ही काही नावाजलेली नदी नव्हे. तुंगारेश्वरच्या डोंगरातून निघते, चंदनसारच्या अंगाने वळणं घेत खाली उतरते आणि खाडीला मिळते. पण गावाचं सगळं तिच्यावर. भाताची कापणी उरकली, की एका सकाळी घरटी माणसं नदीवर जमायची. दगड, पेंढा आणि चिकणमाती यांचा बांध दोन्ही काठांकडून घालत यायचे आणि मध्ये एक तोंड उरायचं. सगळी नदी त्या तोंडात येऊन घुसायची. तिथे माती टाकली की वाहून जायची. म्हणून एक माणूस त्या तोंडात उभा राहायचा, नदीकडे पाठ करून. सगळी धार तो पाठीवर घ्यायचा आणि त्याच्या पुढ्यात जो आडोसा होई त्यात समोरची बाई भराभरा माती लिंपायची. याला गावात ‘पाठ देणं’ म्हणत. आधी हे काम शंकरदादांच्या वडिलांचं होतं. ते खोकल्याने खचले तेव्हा ते शंकरदादांकडे आलं.

पहिल्या वर्षी पाणी छातीला लागलं होतं. माजलेला रेडा मागून ढुशी देतोय असं वाटत होतं. पाय दगडात रोवून, दात आवळून ते उभे होते आणि समोर माती लिंपायला आली ती पलीकडच्या आळीतली विमला. तोवर तिला त्यांनी शंभर वेळा पाहिलं असेल, पण असं समोरासमोर नाही. ती मातीचा गोळा थापायची आणि एकदा त्यांच्याकडे बघायची. पुन्हा थापायची, पुन्हा बघायची. भिंत चढत गेली तशी आधी तिची कंबर गेली, मग खांदे गेले, मग हनुवटी. शेवटी नुसते डोळे आणि कपाळ उरलं. “काय बगतंस? पडशील नदीत,” ती म्हणाली होती. त्याच माघात लग्न झालं.

नंतर शंकरदादा हायवेच्या बाजूला एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागले. सगळा जन्म बादल्यांच्या साच्यांसमोर गेला. पण बांधाच्या दिवसाची रजा त्यांनी कधी सोडली नाही. फोरमन विचारायचा, “शंकर, दरवर्षी लग्न कोणाचं रे?” आणि ते म्हणायचे, “नदीचं.” दरवर्षी पाठ त्यांची आणि हात विमलाचे. घरात भांडण झालेलं असो, अबोला असो, त्या दिवशी समोरासमोर उभं राहावंच लागे. भिंत अर्धी होईतो विमला हसलेली असायची. त्या दोघांचा संसार बराचसा त्या बांधावर टिकला, असं म्हणायला हरकत नाही.

मग भाताची शेतं विकली गेली. एकाने विकलं म्हणून दुसऱ्याने विकलं. बांध कुणासाठी घालायचा? वरच्या अंगाला चाळी झाल्या, त्यांची गटारं नदीत उतरली. खालच्या अंगाला टॉवर झाला. त्याच्या जाहिरातीत नदी निळीशार होती आणि घरात राहायला आलेली माणसं नदीकडच्या खिडक्या बारा महिने बंद ठेवत होती. कांडोळीला लोक नाला म्हणू लागले, आणि पुढे तेही म्हणेनासे झाले. विमला आजारी होती तेव्हा एकदा तिने विचारलं होतं, “बाय कशी हाय?” बाय म्हणजे नदी. दादा म्हणाले होते, “बरी हाय.” त्या दिवशी कांडोळीवर काळा फेस तरंगत होता.

त्या बंद खिडक्यांमागच्या एका बाईला मात्र राहवलं नाही. विनया तिचं नाव. मूळची फलटणची, इथे शाळेत शिक्षिका. तिने कुठूनसं शोधून काढलं, की गावाने स्वतः पुढाकार घेऊन समिती केली, अंगमेहनत दिली आणि पुढची राखण करायचं कबूल केलं, तर सरकार नदीसाठी मदत करतं. यंत्र, डिझेल, इंजिनियर, सगळं. ती दारोदार फिरली. गावकीतली जुनी माणसं म्हणाली, हे टॉवरवाले आज आहेत, उद्या नाहीत. टॉवरवाले म्हणाले, टॅक्स भरतो ना आम्ही. शंकरदादांच्या दारात ती आली तेव्हा दादांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पायात चप्पल सरकवली आणि म्हणाले, “चल बाय, कुटं जायचा?”

गावाने भरवसा ठेवला तो दादांच्या तोंडाकडे बघून. सरकारनेही हात आखडता घेतला नाही, हे मानायला हवं. अक्षया भर उन्हात उभी राहून गाळ काढून घ्यायची. चाळींचं सांडपाणी वेगळ्या पाइपात घ्यायला तिने किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते तिलाच ठाऊक. पोकलेनने गाद्या काढल्या, टायर काढले, एक आख्खा फ्रिज काढला. नंतरच्या पावसाने उरलंसुरलं धुऊन नेलं. आणि दिवाळीच्या सुमारास एक दिवस दादांना काठाजवळ बारीक मासे दिसले. तेव्हाच समितीच्या बैठकीत त्यांनी बांधाचा विषय काढला. पाणी अडेल, विहिरींना उतरेल, असं त्यांनी सांगितलं आणि ते खरंही होतं. मनातलं मात्र त्यांनी मनातच ठेवलं.

आता बांध दोन्ही काठांकडून जवळ आला होता. मध्ये तोंड उरलं होतं आणि नदी त्यातून खळखळत होती. शेवटची गोणी पाहुण्यांच्या हातून ठेवायची होती. पाहुणे म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब. त्यांची गाडी वाटेत अडकली होती. गोण्या उचलून थकलेले लोक सावलीला बसले, कुणी वडापाव काढले. विनया नारळ, हळदकुंकू ताटात मांडत होती. हरेश्वरला ऑफिसचा फोन आला आणि तो बोलत बोलत झाडाकडे गेला.

शंकरदादा उठले. चपला खुर्चीखाली नीट सरकवल्या. धोतराचा काचा मारला. कुणाला वाटलं, म्हातारा पाणी बघायला चाललाय. ते काठाने उतरले आणि सरळ नदीत शिरले.

पाणी गार होतं. दादांच्या अंगावर काटा आला आणि त्यांना हसू फुटलं. चांगलं लख्ख पाणी, तळाचे दगड दिसत होते. ते तोंडाशी पोचले, वळले, नदीकडे पाठ करून उभे राहिले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पाणी पोटरीच्या वर येतच नाही. पाठीला लागावं एवढी नदी उरलेलीच नव्हती. डोंगरात वर धरणंबिरणं झाली, विंधणविहिरी झाल्या, पाणी कुठे कुठे वाटलं गेलं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, पाहुण्यांच्या घरी चुकीच्या दिवशी गेलेल्या माणसासारखे.

मग ते हळूच खाली बसले. मांडी घालून, नदीच्या तळात.

आता धार पाठीला लागली. रेड्याची ढुशी नव्हती ती. लहान पोर मागून येऊन हात लावतं, तेवढीच होती. पण कांडोळीच होती.

“बाबा!” हरेश्वर धावत आला. “अरे, काय करतोयस? ऊठ! वेड लागलंय का तुला?”

सगळे उठून उभे राहिले. चौघेजण पाण्याकडे निघालेही. अक्षयाने हात आडवा केला. ती दादांकडे पाहत राहिली. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत होतं, चेहरा शांत होता. तेवढ्यात लांबून गाडीचा हॉर्न आला. “साहेबांना घेऊन येते मी,” ती म्हणाली. “त्यांना आधी वरचं काम दाखवते. तुम्ही फळ्या राहू द्या. गोण्या लावून घ्या.” आणि विनयाला बरोबर घेऊन ती रस्त्याकडे निघाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

हरेश्वर बुटांसकट पाण्यात उतरला. बांधाच्या खालच्या बाजूने येऊन तो बापासमोर उभा राहिला. “ऊठ. माझ्यासाठी तरी ऊठ.”

“तोंड बंद झाल्याबिगर उठत नाय तो,” दादा म्हणाले. “गोनी घे.”

हरेश्वरने शिवी गिळली. काठावरून आलेली गोणी त्याने घेतली आणि बापाच्या पुढ्यात आदळली.

“फटीत माती लाव.”

“बाबा, गोण्यांना माती लागत नाही.”

“लाव.”

हरेश्वरने वाकून तळाच्या दगडांमधली चिकणमाती उचलली. विमलाने या मुलाला कधी बांधावर उतरू दिलं नव्हतं. शिकून ऑफिसात बसणाऱ्याने चिखलात कशाला हात घालायचे, असं तिचं म्हणणं. त्याला लिंपता येत नव्हतं. माती बोटांतून गळत होती, शर्टावर उडत होती. पण दुसऱ्या गोणीला त्याने न सांगता माती घेतली. तिसऱ्या गोणीला त्याचं बोलणं थांबलं. तो थापायचा आणि एकदा बापाकडे बघायचा. भिंत चढत गेली. तिच्यावरून आता दादांना मुलाचं फक्त तोंड दिसत होतं, घामाने डबडबलेलं.

“झालं,” हरेश्वर धापा टाकत म्हणाला. “ऊठ आता.”

“असा नाय उठायचा. लिंपनारा बोलला की मग उठायचा.”

“काय बोलायचं?”

हे शब्द त्यांनी जन्मभर ऐकले होते, म्हटले कधीच नव्हते. “तुजी आये नदीला सांगायची,” ते म्हणाले. “‘ऱ्हा गो बाय’. तेवढाच.”

काठावर मोबाइल वर झाले होते. ऑफिसात भल्याभल्यांना पॉलिसी गळ्यात मारणारा हरेश्वर त्या एवढ्याशा शब्दांना अडखळला. त्याने दोन्ही हात गोण्यांवर टेकले, मान खाली घातली आणि बापालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, “ऱ्हा गो बाय.”

आणि शंकरदादांना विमला गेल्याचं पुरतं कळलं. दवाखान्यात, स्मशानात, वर्षश्राद्धालासुद्धा ते एवढं कळलं नव्हतं. तिचे शब्द आज दुसऱ्या कुणीतरी म्हटले होते आणि नदीने ते ऐकलेही होते. खळखळ थांबली होती.

“बाबा, ये ना वर,” हरेश्वर म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता.

“येतो,” दादा म्हणाले. “जरा थांब.”

मंडपात साहेबांचा सत्कार सुरू झाला, टाळ्या वाजल्या. बांधाआड पाणी तुंबायला लागलं होतं. ते कमरेवरून चढत पोटाला लागलं. दादा मांडी न मोडता बसून होते आणि भिंतीपलीकडे हरेश्वर घाई न करता उभा होता. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी गोण्यांवरून हात पुढे केला.