आधी चूक पाठवा

एकुलत्या एका मुलीने घरी न सांगता लग्न केलं, ते वर्ष. बातमी फोनवर आली तेव्हा कवळीमास्तर कामावर होता. हातातला प्लास्टरचा साचा त्याने भिंतीवर असा भिरकावला, की एका निवृत्त न्यायाधीशाच्या वरच्या जबड्याचे चार तुकडे झाले.

"झालं समाधान?" डबा घेऊन आलेली बायको दारातूनच म्हणाली. "आता न्यायाधीशसाहेबांनी चावायचं कशाने? तुमच्या रागाने?"

या घरात मुलीचं नाव घ्यायचं नाही, असं मास्तराने बजावलं. बायकोने डबा टेबलावर ठेवला, खाली बसून जबड्याचे तुकडे वेचले आणि कागदात गुंडाळले.

"तुम्हाला ओरडल्याशिवाय अन्न पचत नाही," ती म्हणाली. "घरात आता ऐकायला मी एकटीच उरले. माझे दोन कान किती दिवस पुरणार? जरा जगावर ओरडा. निदान ते लोक काही शिकतील तरी."

त्यातून फोनवरचा गिटारचा गट निघाला. मास्तर पोटासाठी कवळ्या बनवायचा, पण जीव गिटारवर. तरुणपणी फी भरता आली नाही म्हणून एका शिक्षकाने त्याला वर्गाबाहेर काढलं होतं. तो सल मनात होता, म्हणून गट फुकट. फोनवर गिटार शिकायची, कुणाकडून छदाम घ्यायचा नाही. बायकोने मुलीशी चोरून बोलून सगळी मांडामांड तिच्याकडून करून घेतली. हे मास्तराला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग तो मनापासून वठवत होता.

नियम तीनच. पैशाचं नाव काढायचं नाही. गिटार कानाने सुरात लावायची, सूर मोजायचं मशीन वापरायचं नाही. आणि नव्या माणसाने आल्या आल्या आधी आपली चूक पाठवायची. गोड वाजवलेलं नंतर. "ज्याला चूक दाखवायची लाज वाटते, त्याने घरी बसून टाळ्या वाजवाव्यात," असं मास्तर सांगायचा. लिहायचा त्याला कंटाळा. तो बोलून पाठवी आणि लोक फोन कानापासून चार बोटं लांब धरून ऐकत.

कानाने लावायची तर ऐकायला काहीतरी हवं. त्यासाठी गटात सगळ्यात वर एक रेकॉर्डिंग ठेवलेलं होतं. त्यात बायको एकेका तारेचं नाव घेई, तिचा सूर गुणगुणून देई, मग मास्तर ती तार छेडी. बायको बावीस वर्षं शाळेत रोज सकाळी प्रार्थनेचा सूर देत आली होती. बाजूला वाद्य नाही, काही नाही. हेडमास्तर बदलले, इमारत बदलली, तिचा सूर केसभर हलला नाही. गिटार लावायची झाली की मास्तर स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारी, "अगं, सूर!" आणि आतून सूर येई. "लोक मशीन विकत घेतात," तो ऐटीत म्हणे, "मी मशीनशी लग्न केलं."

आता चार वर्षं झाली होती. गटात तीन हजारांवर माणसं होती. बायको नव्हती. तिचा आवाज तेवढा रोज तीन हजार घरांत गिटारी लावत होता.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई खांद्यावर गिटारची काळी पिशवी अडकवून लॅबमध्ये शिरली. अंगावर नर्सचा गणवेश, डोळे जागरणाने लाल.

"कवळीमास्तर कोण?"

लॅबमध्ये मास्तराच्या हाताखाली एक पॉलिशवाली काम करी. पन्नाशीची, विधवा, जिभेला धार. मोटर बंद न करताच ती म्हणाली, "दात काढायचे असतील तर शेजारच्या जिन्याने वर जा. इथे फक्त बसवतात."

"काढायचेच आहेत. यांचे," सिस्टर म्हणाली आणि तिने पिशवी टेबलावर आपटली. मेणात बसवलेले बारा दात हलले.

पॉलिशवालीने मोटर बंद केली. असली संधी रोज येत नाही.

"अकरा महिने, मास्तर! ड्युटी करून, घरी मुलांचं आवरून, रोज एक तास. बोटं सोलून निघाली. काल आमच्या मेट्रनबाईंचा निरोपसमारंभ. अडीचशे माणसं हॉलमध्ये. एक्स-रेवाला कीबोर्डवर, मी गिटारवर. पहिलाच कॉर्ड वाजवला आणि तो थांबला. मला माईकवर विचारतो, 'सिस्टर, तुमच्या गिटारला लकवा मारलाय का?' सगळा हॉल हसला. मेट्रनबाईसुद्धा हसल्या!"

"घाईत लावली असेल तुम्ही," मास्तर म्हणाला.

"तीनदा लावली. तुमच्या रेकॉर्डिंगवर. कानाने!" तिने गिटार बाहेर काढली, फोनवर ते सूर मोजायचं मशीन उघडलं आणि तार छेडली. काटा डावीकडे कलंडला. दुसरी तार. तिसरी. सहाही तारा जवळजवळ अर्ध्या सुराने खाली, आणि सगळ्या सारख्याच खाली. "आपसात अगदी बरोबर आहेत बघा. म्हणून घरी कधी कळलंच नाही. जगाशी जुळवायला गेल्यावर कळलं."

मास्तराच्या मानेची शीर तटतटली. "मशीन खोटं बोलतं!"

"मशीनला काय मिळणार आहे खोटं बोलून?" पॉलिशवाली म्हणाली.

"तू गप्प बस!"

"का गप्प बसू? कवळीत कागदाएवढा फरक राहिला तर माझ्या अंगावर धावून येता. म्हणता, माणसाच्या हिरडीला टोचतो. मग हिरडीला टोचतं आणि कानाला टोचत नाही होय?"

मास्तराला त्या क्षणी बसड्रायव्हर आठवला. दोन वर्षांपूर्वी गटातल्या एका बसड्रायव्हरने भीत भीत लिहिलं होतं, 'मास्तर, माफ करा, पण आपलं ट्युनिंग खाली आहे असं वाटतं.' मास्तराने त्याला सगळ्यांदेखत झाडलं होतं. ज्या बाईने बावीस वर्षं शाळा सुरात ठेवली तिच्या सुरात तू चूक काढतोस? स्टिअरिंग धर, तेच तुला शोभतं. आणि गटातून हाकलून दिलं होतं. त्यानंतर कुणी ब्र काढला नाही. ज्यांना कळलं असेल ते मुकाट निघून गेले असतील.

"ऐका," तो खेकसला. "तुम्ही सगळे बहिरे आहात. आता ऐका." त्याने आपला फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

लॅबच्या पत्र्याच्या कपाटांमधून बायकोचा आवाज घुमला. 'ही सहावी. सगळ्यात जाड.' मग गुणगुणणं. मग तार. 'ही पाचवी.'

सिस्टर भांडायच्या तयारीने उभी होती. तिसऱ्या तारेपर्यंत तिने कमरेवरचे हात खाली घेतले. पाचवीची चौथी, चौथीची तिसरी असा चढत आवाज शेवटच्या बारीक तारेला पोचला. तिथे तो क्षणभर फाटला आणि सावरला. 'झालं,' बायको म्हणाली.

"या कोण, मास्तर?"

"माझी बायको."

"यांच्या घशाला काय झालं होतं?"

"काही नाही. आवाज बसला होता तेव्हा. सर्दी."

"मी सात वर्षं घशाच्या वॉर्डात काढली आहेत," सिस्टर हळू म्हणाली. आता तिच्या बोलण्यातला राग गेला होता आणि तेच मास्तराला सोसवेना. "सर्दीचा आवाज असा नसतो. वर चढता येत नाहीये त्यांना. जिथवर पोचतोय तिथे त्या सूर धरताहेत. किती दिवसांचं होतं हे?"

मास्तर स्टुलावर बसला.

किती दिवसांचं होतं, ते त्याला ठाऊक होतं. मुलीच्या लग्नानंतर आठवड्याभरात बायकोचा आवाज जड झाला. मास्तराची खात्री होती, की ही मुलीसाठी चोरून रडते आणि रडून रडून आवाज बसवून घेते. म्हणजे हिचा आतून लेकीला पाठिंबा. तो आणखी पेटला. संध्याकाळी "अगं, सूर!" म्हणून हाक मारली की आतून येणारा सूर जरा खाली असे. पहिल्या पहिल्यांदा तो ओरडला, 'नीट लाव ना आवाज! रडं पुरे झालं!' दुसऱ्या दिवशीही सूर तिथेच. मग तोच मुकाट्याने खुंटी थोडी सैल करू लागला. पंधरा दिवसांनी आणखी थोडी. तारा तिच्या आवाजामागे एकेक पायरी उतरत गेल्या आणि त्याचा कानही त्यांच्याबरोबर उतरला. सवयीपुढे कान कसला टिकतो! आपण केव्हा किती उतरलो, हे त्याला कळलंच नाही.

तिला मात्र कळत असणार. बावीस वर्षांचा सूर होता तो. तो आपल्या हातून सुटतोय हे तिला पहिल्या दिवशी कळलं असणार. पण सांगितलं असतं तरी ऐकणारा होता कोण? चार महिने कुणी डॉक्टरकडे गेलं नाही. नवऱ्याला रडणं वाटत होतं, आणि रडण्याला औषध नसतं.

"पाणी पिता का?" पॉलिशवालीने विचारलं.

"नको," मास्तर म्हणाला. मग अचानक मूठ आवळून त्याने टेबलावर हाणली. एकदा, दोनदा. मेणातले दात उडून जमिनीवर पसरले. "गाढव! बैल! तीन हजार लोकांना कान उघडा म्हणून सांगतोय मी! चार वर्षं!"

सिस्टर खाली बसून दात वेचू लागली.

"राहू दे हो," पॉलिशवाली म्हणाली, "त्यांचे त्यांना वेचू दे."

मास्तराने वेचले. बाराही. मग त्याने सिस्टरची गिटार मांडीवर घेतली, समोर तिचं मशीन ठेवलं आणि काट्याकडे बघत तारा चढवू लागला. एकेक खुंटी पिळताना त्याचा चेहरा असा होत होता, की जणू स्वतःचाच दात उपटतोय. सहाही तारा लागल्या. त्याने एक कॉर्ड वाजवला. त्याच्या कानाला तो परका लागला, उंच, दुसऱ्याच्या घरातला.

"हे बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"हे बरोबर आहे," सिस्टर म्हणाली. तिने गिटार पिशवीत घातली. दारात थांबून म्हणाली, "मी गट सोडायला आले होते."

"मग?"

"उद्या ठरवते. आज रात्रपाळी झाली आहे, डोकं ठिकाणावर नाही." आणि ती गेली.

मास्तराने आधी बसड्रायव्हरचा नंबर शोधून काढला. "मी कवळीमास्तर. तुमचं बरोबर होतं. मी चुकलो."

पलीकडे इंजिनाची घरघर. "मास्तर, तुम्हीच म्हणाला होतात, स्टिअरिंग धर म्हणून. तेच धरलंय. नंतर बोलू." फोन बंद. मास्तराला ते योग्यच वाटलं.

दुसरा फोन जड होता. रेकॉर्डिंग काढायचं कसं, घालायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. त्याच्या चाव्या मुलीकडे होत्या. आईच्या दिवसकार्यानंतर बापलेकीत एक शब्द झाला नव्हता.

"बोला," मुलगी म्हणाली.

मास्तराने सगळं सांगितलं. सूर खाली आहे, नवं रेकॉर्डिंग घालायचंय. जुन्याखाली लिही, की हे चूक आहे, वापरू नका.

"साडेतीन वर्षांनी फोन केलात, तो यासाठी?" तिचा आवाज चढला. थेट बापाचाच आवाज. "आईच्या आवाजाखाली 'चूक' लिहू? मी? तुमचं तुम्ही लिहा!"

"तिची नाही. माझी चूक."

"ते मला ठाऊक आहे, बाबा." ती थांबली. "त्या रेकॉर्डिंगची सुरुवात मी कापली होती. आईने सांगितलं होतं म्हणून. तिने पहिल्यांदा सूर दिला आणि तुम्ही ओरडलात, ते. 'नीट लाव ना आवाज, रडं पुरे झालं.' त्यावर आई म्हणते, 'रडत नाहीये हो. वर जातच नाहीये.' आणि तुम्ही म्हणता, 'नाटकं.' हे सगळं आहे माझ्याकडे. दर वर्षी तिच्या दिवशी ऐकते. तुमच्यावरचा राग कमी झाला असं वाटलं, की ऐकते."

'वर जातच नाहीये.' तिने सांगितलं होतं. मास्तराला आठवत नव्हतं. नाटकं म्हणून जे मोडीत काढलं, ते लक्षात कोण ठेवतो?

लॅबमध्ये पॉलिशवालीची मोटर सुरू झाली. मुद्दाम केली असावी.

"तो तुकडा परत जोड," तो म्हणाला.

"काय?"

"होता तसा. आणि गटात घाल. माझ्या नावावर."

"बाबा, तीन हजार लोक ऐकतील."

"ऐकू देत. नव्या माणसाने आल्या आल्या आधी चूक पाठवायची, असा नियम आहे. चार वर्षांत मी माझी पाठवलीच नाही."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," मुलगी म्हणाली.

"नको करूस. आधी जोड."

दुपारी तीन वाजता ते गटात आलं. मास्तराने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि सांडलेले दात पुन्हा मेणात बसवायला घेतले. लोकांनी काय लिहिलं ते त्याने संध्याकाळपर्यंत पाहिलं नाही. घरी गेल्यावर गिटार घेतली आणि स्वयंपाकघराकडे तोंड न करता, मशीनकडे बघून लावली.

मास्तराची बायको मुलीच्या लग्नानंतरच्या वर्षी, जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला, सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता रुग्णालयात वारली. घशाचा कर्करोग होता. वय एक्कावन्न.