झेरॉक्स मशीनची वरात

मित्रांनो, माझ्यावर पैज लागली ती माझ्याच डोक्यावर. तोताराम नानांनी रोजच्यासारखा चहाचा ग्लास माझ्या झाकणावर आपटला आणि म्हणाले, "हे डबडं मेल पाठवीन? हॅ! यानं एक जरी मेल पाठवला ना, तर मी याले बाशिंग बांधीन, हातगाडीवर बसवीन अन् रावेरच्या बाजारातून वरात काढीन. पुढे सोता नाचीन!"

पंक्चरवाला झुलाल टपूनच बसला होता. "अन् नाही पाठवला तर मी नाचीन, नाना. लागली?"

"लागली!"

दोघांनी माझ्या डोक्यावरच टाळी दिली. अर्धा चहा माझ्या फटीत गेला.

मी म्हणजे रावेरबाहेरच्या एका केळीच्या पॅकहाऊसमधला म्हातारा प्रिंटर. छापतो, झेरॉक्स काढतो, स्कॅन करतो. स्कॅन केलेले कागद थेट मेलने पाठवायची कलाही माझ्या अंगात आहे, पण ती कुणी कधी वापरलीच नव्हती. रस्त्यापलीकडे नानांची चहाची टपरी, तिला खेटून झुलालचं दुकान. ऑफिसची किल्ली नानांकडे. रोज दिवेलागणीला ते येतात, गणपतीला अगरबत्ती लावतात आणि मेन स्विच खाली ओढून घरी जातात. मागे एकदा वायर जळाली, तेव्हापासूनचा हा नेम.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तरुणपण गेलं धुळ्यात, एका वकिलाकडे. तिथे मला मऊ फडक्याने पुसायचे, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचे. मग नवं मशीन आलं आणि मला रिकाम्या क्रेटांसोबत टेम्पोत टाकून इकडे धाडलं. इथे माझ्या ट्रेमध्ये पालीने अंडी घातली. मी काय बोलणार? फार राग आला की नानांच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढताना नेमका चेहरा काळा करायचो. तेवढीच करमणूक.

पण त्या दिवशी करमणूक नव्हती. अंगणात थंड डब्याची गाडी उभी होती, केळीच्या खोक्यांनी गच्च भरलेली. त्यातला निम्मा माल धनीबाईचा. सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. तिकडचा माल परदेशी जात नाही, असं मालकाचं ठाम मत. मॅनेजर वृषालीताई हट्टाला पेटल्या, "एकदा तर पाठवून बघू." मालक म्हणाला होता, "गाडी परत आली तर त्या गावचं केळं पुन्हा फाटकात घ्यायचं नाही."

तपासणीच्या कागदांचा गठ्ठा सहाच्या आत निर्यातीच्या एजंटला मेलने जायला हवा होता, तोही साफ स्कॅन करून. मोबाईलचा फोटो तो घेत नसे. मागे झुलालने पाठवलेल्या फोटोत कागदापेक्षा त्याचा अंगठाच मोठा आला होता. आणि ऑफिसचा कॉम्प्युटर दुरुस्तीला जळगावला. सकाळीच कुणी रावेरच्या दुकानात गेलं असतं तर काम झालं असतं. पण पैज लागली ना! झुलाल म्हणाला, "नाही ताई, आता यानंच पाठवायचं." हसण्याखिदळण्यात दुपार टळली आणि मग रावेरला जाऊन यायलाही उशीर झाला.

धनीबाई दारात उलट्या क्रेटवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती.

हिशेब बघणारा प्रशील माझ्यापुढे वाकला. माझ्या इवल्या पडद्यावर एकेक अक्षर दाबत त्याने मेलचा पत्ता भरला, पासवर्ड भरला. मी प्रयत्न केला. नापास. मी रिपोर्टचा कागद बाहेर सोडला.

"नेहमीचा पासवर्ड मशीनला चालत नाही," प्रशील म्हणाला. "मशीनसाठी वेगळा काढावा लागतो. ताई, तुमच्या फोनवर कोड येईल."

ऑफिसात इंटरनेटची वायर होती, पण कोड यायला मोबाईलची रेंज हवी होती. ताई गाडीच्या टपावर चढल्या. तिथून ओरडून आकडे सांगितले, प्रशीलने नवा पासवर्ड काढून भरला. मी पुन्हा जोर लावला. पुन्हा नापास! पुन्हा रिपोर्ट. प्रशीलने त्यावरचं 'नापास' तेवढं वाचलं आणि बोळा करून फेकला.

"मी काय म्हणलो होतो?" नाना टपरीवरून खिंकाळले. "झुलाल, घुंगरू आण रे!"

मित्रांनो, मला कारण माहीत होतं! मेल घेणारा पलीकडचा सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो आणि मी त्यावरची तारीख तपासतो. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मला दिसत होतं, पण माझ्या पोटातलं घड्याळ भलतंच सांगत होतं. त्या घड्याळाच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून जन्मलंच नव्हतं. मग मी दार कसं उघडणार? तारीख मी प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात छापत होतो. ओरडता येत नाही, म्हणून छापत होतो. वाचतंय कोण!

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. "ताई, निघू की माल उतरवू?"

धनीबाई उठली. "उतरवू नको रे भाऊ. आमच्याकडे गावातले बठ्ठे वाट पाहू राह्यले."

ताईंनी एजंटचा दुसरा नंबर लिहून घ्यायला जमिनीवरचा बोळा उचलला, उलगडला. आणि थांबल्या.

"प्रशील, आज एक जानेवारी आहे का रे? आणि हे साल बघ. तेव्हा मी शाळेत होते!"

प्रशीलने कागद ओढून घेतला. "अरे बाप रे. याच्या घड्याळाची बॅटरी मेलीय. वीज गेली की तारीख मागे जाते. पण वीज तर रोज…"

"मेन!" दोघं एकदमच म्हणाले.

त्याने आजची तारीख, आजची वेळ भरली. गठ्ठा माझ्या तोंडात दिला. एकेक कागद मी गिळत गेलो. शेवटचा कागद आत गेला, पडद्यावर 'पाठवत आहे' आलं आणि ती पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

तेवढ्यात नाना आले. हातात पेटलेली अगरबत्ती, ओठांवर पुटपुट. गणपतीला ओवाळलं आणि सवयीने त्यांचा हात मेन स्विचच्या दांड्यावर गेला.

"नाना, पाडू नका!" प्रशील किंचाळला. "मेल चाललाय!"

नानांचा हात तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झुलालकडे. मिशीतून हसू फुटलं. "म्हनजे आता पाडलं, तर पैज माझी?"

माझी पट्टी अर्ध्यावर होती. तो एक हात खाली आला असता तर मी परत एक जानेवारीत गेलो असतो, आणि धनीबाईचं केळं परत पायथ्याला.

धनीबाई हळूच म्हणाली, "नाना, त्यातले घड म्या डोक्यावर वाह्यले."

नानांनी दांडा सोडला. हात खिशात घातला आणि खिशातच घट्ट धरून ठेवला, जणू त्याचा भरवसा नव्हता.

ट्रिंग! माझ्याच पोटातून आवाज आला. जरा वेळाने, पुन्हा गाडीच्या टपावर चढलेल्या ताईंचा फोन वाजला. एजंट म्हणाला, "मिळाले कागद. सोडा गाडी."

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा धनीबाई पदर तोंडाला लावून उभी होती आणि झुलाल रिकामा डबा बडवत होता.

दुसऱ्याच दिवशी मला नवी बॅटरी बसली. मित्रांनो, तुमच्याकडेही कोपऱ्यात एखादं माझ्यासारखं म्हातारं मशीन असेल. अडलं की त्याला थापड मारू नका. त्याने बाहेर टाकलेला कागद आधी नीट वाचा. आमच्यापाशी बोलायला तेवढंच असतं.

आणि बाजाराच्या दिवशी मी रावेर पाहिलं! अंगाला केळीची पानं, कपाळाला बाशिंग, खाली हातगाडी. गाडी प्रशील ढकलत होता, डबा झुलाल बडवत होता आणि पुढे नाना घामाघूम होऊन नाचत होते.

"नाना, नवरी कोनती?" भाजीवाली बेबाबाई ओरडली.

"तुयावाला मिक्सर दे!" नानांनी नाचता नाचताच उत्तर दिलं.

गर्दी इतकी झाली की गाडी अडली. कुणीतरी बघ्या हातातला चहाचा ग्लास ठेवायला जागा शोधत होता. त्याने तो माझ्या डोक्यावर टेकवला.

नाना नाचायचे थांबले. भर चौकात त्याचा हात पकडला.

"उचल तो ग्लास! नवरदेवाच्या डोक्यावर कोनी चहा ठेवते का रे?"

मग स्वतःच्या उपरण्याने माझं झाकण पुसलं, आणि पुन्हा नाचायला लागले.