पाटावरची माती

सत्तरीतल्या बाईने चिखलात उतरू नये, हे मला कळतं. कुणी सांगायला नको. तरी ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बगलेत पाट धरून मी डोंबिवलीच्या खाडीवर एकटी उभी होते, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. ओहोटी लागलेली. समोर नुसता काळा, चकचकीत गाळ, त्यात उड्या मारणारे निवट्या मासे आणि तिवरांच्या कडेला दोन बगळे. काल इथे विसर्जनाला पाय ठेवायला जागा नसेल. आज माणसाचा मागमूस नाही.

आमचा दीड दिवसांचा गणपती. विसर्जन झालं की रिकाम्या पाटावर तिथलीच मूठभर माती घ्यायची, घरी आणून तिची आरती करायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवायची. माती ज्या घरात, पुढच्या वर्षीचा गणपती त्या घरात, असं सासूबाई सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती माती या खाडीची. आमचे हे होते तोवर खाडीत मासे धरणाऱ्या गावातल्या धाकूला भरतीची वेळ विचारून यायचे आणि गुडघाभर पाण्यात स्वतः उतरायचे. हे गेल्यावर ते काम अनिमेषकडे आलं. अनिमेष म्हणजे माझा मुलगा, ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो.

यंदा माझ्या गुडघ्याचं निमित्त झालं. "आई, या वर्षी गणपती आमच्याकडे बसवू. तुला झेपत नाही," तो म्हणाला. मी मूग गिळून बसले. तिथेच चुकलं.

सून वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असती तर कडकडून भांडले असते आणि मोकळी झाले असते. अंतराने मोदक विकत आणले, पण मला विचारून आणले. विसर्जन सोसायटीच्या हौदात. गणपती बुडाला, टाळ्या झाल्या, मंडळी लिफ्टकडे वळली.

"अगं, माती?" मी विचारलं.

"कसली माती, आई?"

मी सांगितलं. तिने बिचारीने हौदात वाकून बघितलं. "पण आई, खाली टाइल्स आहेत."

मला हसू आलं आणि, खरं सांगते, आनंद झाला. मनात म्हटलं, वासंती, यांची माती राहिली! म्हणजे गणपती अजून त्यांचा झाला नाही.

पोरकटपणा वाटेल. वाटू दे. वर्षातून तेवढे दीड दिवस माझं घर भरतं. अनिमेष मखर बांधतो, अंतरा नारळ खवते, दारात चपलांचा ढीग पडतो, खालच्या ऋजुताची पोरं झांजांसाठी भांडतात. उरलेलं वर्ष मी आणि टीव्ही. गणपती ठाण्याला गेला की अनिमेषला डोंबिवलीला यायचं कारणच उरत नाही. आईसाठी कोण रजा टाकतो? गणपतीसाठी टाकतात.

म्हणून सकाळी त्याने मला घरी आणून सोडलं आणि तो वळल्यावर, चार घास खाऊन, मी पाट उचलला आणि रिक्षा केली.

बंदराच्या कठड्याला धरून खाली उतरले. दुसऱ्याच पावलाला चप्पल गाळात गेली. गुडघ्यातून कळ आली. "ओरड मेल्या," म्हटलं, "आज तुझं ऐकणार नाही."

"पुरं नको जाव गो बाय, रुतशील!"

मागे धाकूची बायको, सखुबाई. निवट्या धरायला आलेली, कमरेला टोपली.

"बाप्पाची माती हवीय थोडी," मी म्हटलं.

"मंग हितलीच घे की. चिखलाला काय तोटा हाय? टोपलीभर ने!" ती हसली, माझं कोपर धरून मला काठाशी आणलं, चप्पलही उपसून दिली. मग लगबगीने निघाली. घरी गौरीची तयारी होती, लेकी माहेरी यायच्या होत्या.

ती गेली आणि सगळं फार गप्प झालं. मी वाकून दोन्ही हातांनी चिखल उचलला. गार होता, जड होता. पाटावर ठेवला आणि हळूच म्हटलं, "गणपती बाप्पा". पण 'मोरया' म्हणायला दुसरं कुणीतरी लागतं. थोडा वेळ थांबले आणि मग मीच म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. करंगळीने कसाबसा घेतला. अनिमेष.

"आई, एक गंमत सांगू? अंतराच्या मनाला लागलं होतं गं तुझं ते मातीचं. हौदातलं पाणी सकाळी बागेला सोडतात ना, तर ती खाली जाऊन तिथली माती घेऊन आली. म्हणजे बाप्पाचीच झाली की नाही? आत्ताच आरती केली, तांदळात ठेवली. बरोबर केलं ना?"

मी खोट शोधली. मनापासून शोधली. शाडूचा गणपती, त्याचं पाणी, त्या पाण्याची माती. माझ्या या चिखलापेक्षा तीच खरी, हे शेंबडं पोरही सांगेल.

"बरोबर केलं," मी म्हटलं. "छान केलं हो तिने."

"मग आता गणपती इथेच. तुला दगदग नको, तू फक्त यायचं." मागून अंतरा काहीतरी बोलली. तो हसला. "ती म्हणतेय, यंदा आलीस काय, गेलीस काय, कळलंच नाही. आई, पुढच्या वर्षी लवकर ये."

सहज म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"येईन हो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पाटावरचा चिखल खाली ओतला. मग मात्र रडू आलं, चांगलं हमसून हमसून. दोन्ही हात बरबटलेले, डोळे पुसता येईनात, आणि हात धुवायला पाणी तर पार लांब गेलेलं.