काजूच्या पोत्यातली सावली

आफ्रिकेतून काजूबियांची जी पोती वेंगुर्ल्याला येतात, त्यांतून गेल्या उन्हाळ्यापासून झाडांची सावलीही येऊ लागली. पोतं उलटं केलं की आधी बिया घरंगळायच्या आणि मागून सावली पडायची, गार, दाट, पानापानांची. कारखान्याचे मालक बापूशेठ म्हणाले, "आम्ही बिया मागवल्या. सावली त्यांनी आपणहून घातली. तक्रार कशाला करा?" खरंच आहे हो, फुकटात आलेल्या गारव्याला नावं ठेवणारा माणूस वेंगुर्ल्यात अजून जन्मायचाय.

मथुरा आरोलकर तिथे बिया फोडायला जायची. हातांना राख चोळून बसायची, नाहीतर टरफलातलं तेल कातडी सोलून काढतं. परदेशी बिया येण्याआधी कारखाना पावसाळाभर बंद असायचा. आता बाराही महिने काम होतं. तिने एक रिकामं पोतं मागून घरी नेलं आणि तळाशी उरलेली सावली अंगणात झटकली. पत्र्याच्या घरात घामोळ्यांनी रात्रंदिवस किंचाळणारी तिची तान्ही नात त्या सावलीत ठेवताक्षणी झोपली. मथुराला रडूच आलं. सून म्हणाली, "आये, आता तुमी पन वायच पडा."

मग काय, सगळ्यांनीच पोती नेली. सावल्या कुंपणं ओलांडून एकमेकींना चिकटल्या. बाजारात भरदुपारी दिवे लागू लागले, आमसुलं सुकेनात, खाऱ्या मासळीला बुरशी आली. लोक कुरकुरायचे, पण पेंगत पेंगत. गावाला इतकी सुखाची झोप कधी लागली नव्हती.

अशाच एका दुपारी मथुराच्या अंगणात एक परकी बाई येऊन उभी राहिली. पाठीला तान्हा मुलगा बांधलेला. ती मालवणीतच बोलली, आणि मथुराला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"ही सावली आमची," बाई म्हणाली. "झाडां थंयच असत, पण त्यांच्याखाली ऊन पडता. झील माझो निजना नाय."

"आनी बियांचे पैसे?"

"गावले. त्येतून घरार पत्रे घातले. आता घरातसुद्दा तापता."

मथुराने आपल्या घराच्या पत्र्याकडे पाहिलं. पण उन्हातून आलेल्या लेकुरवाळीला रिकाम्या ओटीने कोण परत पाठवतं? तिने बाईला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं, ओटीत नारळ-तांदूळ घातले आणि वर ओंजळभर काजूगर. बाईने एक गर तोंडात टाकला.

"ह्यां काय गो?"

"तुझ्याच झाडाची बी ती."

"तिच्या आत ह्यां असता?"

मथुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या भरात, ओटी भरताना आपण म्हणतोच तसं, ती सवयीने बोलून गेली, "लाजू नको. आनी काय व्हया तां सांग."

बाईने कमरेचं कापड पुढे पसरलं आणि सावलीकडे पाहिलं.

झालं! शब्द मागे घ्यायची रीत आरोलकरांच्या घरात नाही. "अर्धी ने," मथुरा म्हणाली आणि कोयती घेऊन आली. पण सावलीवर कोयती चालेना. दमून बाईने मुलाला पाठीवरून सोडलं आणि नातीशेजारी ठेवलं. तोही डोळे मिटून गाढ झोपला. दोघी बाया बराच वेळ त्या पोरांकडे बघत बसल्या. मथुराला वाटलं, आता हिने इथेच राहावं, आणखी काही नको.

पण तिचं घर तिकडे होतं. तिने मुलाला उचललं, सावलीचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि समुद्राकडे चालू लागली. मथुराने अंगणातच उभं राहून दुसरं टोक धरलं. सावली ताणत ताणत वाळूवर गेली, मग पाण्यावर. जितकी लांब, तितकी विरळ.

"टोक सोडू नको हां!" बाई लाटांमधून ओरडली. "मी पन सोडूचंय नाय!"

मथुराने पाय रोवले आणि दोन्ही मुठी आवळल्या. झोपलेल्या नातीच्या कपाळावर उन्हाचा कवडसा उतरला, गालावर सरकला, आणि पोरीने एक डोळा उघडला.