गोठलेलं खातं

नवरा गेल्यावर संध्यानं जेसल पार्कातल्या आपल्या घरात डबे करायला सुरुवात केली. पैशाची कटकट नको म्हणून मुलीनं, क्षितिजानं, दारावर आईच्या खात्याचा क्यूआर कोड चिकटवला. "आई, आता सुट्ट्या पैशांसाठी कुणाशी भांडायला नको." संध्यालाही ते पटलं. पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी पै-पै त्याच खात्यात साठत गेली.

फी भरायला बसल्या, तर पैसे जाईनात. दोघी धावतच बँकेत गेल्या. तिथल्या साहेबांनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं, "खातं फ्रीज झालंय. तुमच्याकडे कुणीतरी फसवणुकीतले पैसे पाठवलेत. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचा आदेश आहे."

"अहो, कुणीतरी डबा नेला असेल! पैसे कुठून आणलेस, हे मी विचारत बसू?"

"तुमचं बरोबर आहे, ताई. पण आमच्या हातात काही नाही. त्यांना मेल करा."

क्षितिजानं मेल केले. फोन लावले, पण तिकडून कुणी उचलेना. हेल्पलाइनवरचा गोड आवाज नुसता 'एक दाबा, दोन दाबा' करत राही. इथल्या पोलिसांनी "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून परत पाठवलं. कॉलेजनं आठवडाभर वाट बघितली आणि जागा दुसऱ्या मुलीला दिली.

डबे बंद करून भागणार नव्हतं. संध्या गिऱ्हाइकांकडे रोख मागू लागली. "आंटी, कॅश आजकल कौन रखता है?" म्हणत लोक सवयीनं त्याच खात्यात पैसे टाकत. आत जायला वाट होती, बाहेर पडायला नव्हती. गॅस संपला तेव्हा तिनं कानातली मोडली.

क्षितिजा कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. एकदा जेवताना म्हणाली, "मीच लावलं ना तुला ऑनलाइनच्या नादी?"

"तुझा काय दोष गं त्यात?"

पण पोरीनं ताट बाजूला सारलं होतं.

नंतर संध्या एकटीच बँकेत गेली. साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या खुर्चीवरची तरुणी आपुलकीनं म्हणाली, "बसा ना, मावशी. काय प्रॉब्लेम आहे? अगदी सुरुवातीपासून सांगा."

संध्यानं पिशवीतून पासबुक काढलं. सुरुवात नेमकी कुठल्या डब्यापासून झाली, ते ती पानं उलटत शोधू लागली.

"जल्दी करो ना, आंटी," मागून कुणीतरी म्हणालं.